चारशे एक ते चारशे वीस

ता. ४, सोमवार

वही, राग धरू नकोस. तेरा दिवस तुला हात लावला नाही. रोज चार ओळी लिहायच्या म्हणून तुला आणलं आणि पहिल्याच महिन्यात टाकून दिलं. आधी खोकला होता. मग शनिवारपासून जे चाललंय ते लिहावं की नाही याचीच धास्ती. लिहिलेलं कुणाच्या हाती लागलं तर? पण न लिहून डोकं फुटायची वेळ आली आहे. शिवाय उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडे तारीखवार काहीतरी पाहिजे.

तर पहिल्यापासून. हॉस्पिटलच्या तळघरात मी टेपा सांभाळतो. एकोणीस वर्षं झाली. शिक्षण सातवी, पण जुने साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "या माणसाच्या कपाटात सुई ठेवा आणि दहा वर्षांनी मागा." टेप म्हणजे गाण्याची कॅसेट नव्हे. तळहाताएवढी चौकोनी काळी डबी, आत अर्धा मैल फीत. पेशंटचे स्कॅनचे फोटो दोन वर्षं वरच्या कॉम्प्युटरवर राहतात, मग टेपेवर जातात आणि वरचे पुसले जातात. माझ्याकडे सहाशे बारा टेपा आहेत. काचेच्या दाराचं एक यंत्र आहे, त्यात चाळीस मावतात. आत लोखंडी हात फिरतो. कॉम्प्युटरने नंबर सांगितला की हात लेबल वाचून बरोबर ती डबी उचलतो आणि वाचायच्या खाचेत घालतो. बाकीच्या टेपा माझ्या कपाटांत, वीस-वीसच्या ट्रेमध्ये. किल्ल्या माझ्या कमरेला.

जुने साहेब गेले आणि दोन महिन्यांपूर्वी इंजिनीअर बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. आल्या आल्या काय विचारलं? "काका, वय काय तुमचं? इथे दिवसभर बसता? हा खोकला कधीपासून आहे?" आणि वहीत लिहून घेतलं. कपाटाच्या दुसऱ्या किल्ल्या करून मागितल्या. मी काय दुधखुळा आहे? म्हाताऱ्याला घरी पाठवायची कागदपत्रं कशी जमवतात ते मला कळतं.

शनिवारी वरून मागणी आली. एका बाईचा सात वर्षांपूर्वीचा छातीचा स्कॅन पाहिजे. आत्ताच्या फोटोत फुप्फुसावर डाग दिसतोय. सात वर्षांपूर्वी तो तेवढाच असेल तर जुना व्रण, कापायची गरज नाही. नसेल तर बारा तारखेला ऑपरेशन. सर्जन त्यापुढे थांबायला तयार नाहीत. कॉम्प्युटरच्या यादीत तो फोटो टेप ४१७ वर आहे. मी ४१७ काढून यंत्रात दिली. हाताने उचलली, खाचेत घातली, दहा मिनिटं घरघर झाली आणि काम थांबलं. स्क्रीनवर लाल ओळ.

एकोणीस वर्षांत माझ्या टेपेवर लाल ओळ आली नव्हती. बाई आल्या आणि आली.

ता. ५, मंगळवार

दिवसभर बाई खाली होत्या. आधी साफसफाईची टेप घालून खाच पुसून घेतली. पुन्हा ४१७. लाल ओळ. मग दुसऱ्या खाचेत घातली. लाल ओळ. मग म्हणाल्या, "काका, दुसरी कुठलीही जुनी टेप द्या बरं, चाचणीला." मी ३८८ दिली. तिच्यावरचा फोटो पाच मिनिटांत वर गेला.

"म्हणजे यंत्र ठीक आहे, खाच ठीक आहे," बाई म्हणाल्या. "भानगड या एका टेपेत आहे."

भानगड टेपेत आपोआप होते होय?

मग त्यांनी नवीनच काहीतरी केलं. म्हणे प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला तिचं नाव फितीवरच लिहिलेलं असतं, बाहेरचं लेबल काहीही म्हणो. ते वाचायला लावलं. स्क्रीनवर आलं ४०४.

"बघितलंत? बाहेर ४१७ आणि आत ४०४. काका, लेबलं कधी बदलली होती का?"

विचारायचा सूर अगदी गोड. मी सांगितलं, बदलली होती, तीन वर्षांपूर्वी, साहेबांच्या हुकमाने. एसी बंद पडून ओल आली आणि लेबलं सुटायला लागली. मी एकट्याने तेव्हाच्या पाचशेच्या वर टेपांना नवी लावली. एक जुनं काढायचं, एक नवं लावायचं. फक्त हा एकच ट्रे, ४०१ ते ४२०, फार ओला होता. त्याची वीसच्या वीस लेबलं आधी खरवडली, डब्या पुसून टेबलावर ओळीने वाळत ठेवल्या, जेवून आलो आणि ओळीने नवी चिकटवली. एक ते वीस, सरळ रांगेत. त्यात चुकायला मी काय शेंबडं पोर आहे? आणि तीन वर्षांत कुणाची तक्रार नाही. अर्थात त्या ट्रेमधली टेप तीन वर्षांत कुणी मागितलीच नव्हती, ती गोष्ट वेगळी.

बाईंना हे सगळं सांगितलं नाही. "लावली होती, नीट लावली होती," एवढंच म्हणालो.

"बरं. उद्या तो अख्खा ट्रे काढून ठेवा. सगळ्या आतून वाचू."

स्क्रीनवर काय दाखवायचं ते त्यांच्याच हातात आहे. ४०४ लिहा म्हटलं की ४०४ येत असेल. एक टेप बिघडवून झाली, आता उरलेल्या एकोणीस. मग वर सांगायचं, म्हाताऱ्याने वीस टेपा नासवल्या. चोर तो चोर, वर शिरजोर.

ता. ६, बुधवार

सकाळी लवकर गेलो. ट्रे कपाटातून काढला आणि माझ्या लॉकरमध्ये, जुन्या डगल्यांच्या मागे ठेवला. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. ४१७ तेवढी यंत्रात राहिली. ती काय, हातची गेलीच.

बाई नऊला आल्या. "ट्रे?"

मी म्हणालो, "नाही हो कपाटात. साहेबांच्या वेळी काही ट्रे गावाबाहेरच्या गोदामात पाठवले होते. त्यात गेला असेल."

"पण ४१७ तर इथेच होती ना?"

म्हणालो, "सुटी राहिली असेल."

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे काका. मी गोदाम बघते." एवढ्या लवकर ऐकतात म्हणजे पाणी मुरतंय.

ही दुपारचा डबा देताना म्हणाली होती, "अहो, तोंड का असं? दूधवाला शिंकला तरी तुम्हाला त्यात कट दिसतो. जरा मोकळं बोला त्या बाईंशी." हिला काय, हिला सगळं जग गायीसारखं गरीब वाटतं.

ता. ७, गुरुवार

आज लिफ्टच्या बाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, अंगावर वॉर्डातला निळा झगा. मला हाक मारली, "दादा, तुम्ही खालचे ना? टेपवाले? नर्स म्हणाल्या, माझा जुना फोटो तुमच्याकडे आहे."

याच त्या. शिवणकाम करतात. पायाच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवतात, वर्षाला चारशे. बोलता बोलता माझ्या डगल्याचा खिसा फाटलेला त्यांनी पाहिला. "आणा इकडे." पर्समध्ये सुई होतीच, दोरा ओवलेली. मी नको नको म्हणेपर्यंत खिसा शिवूनसुद्धा झाला.

"पूर्वी एकदा न्यूमोनिया झाला होता," त्या म्हणाल्या. "डाग त्याचाच असणार, मला माहीत आहे. पण डॉक्टर म्हणतात, तुम्हाला माहीत असून काय उपयोग, फोटो बोलला पाहिजे. मिळेल ना दादा?"

"मिळेल," मी म्हणालो. "आमच्याकडे सुईसुद्धा हरवत नाही."

त्या हसल्या. "मग मी निवांत झोपते."

खाली आल्यावर लॉकरकडे बघवेना. पण त्यांचा फोटो ४१७ वर होता, यादीच तसं सांगते. ती टेप तर इंजिनीअर बाईंनी आधीच बिघडवली. माझ्या लॉकरमधल्या एकोणीसमध्ये त्यांचं काय असणार? मी तर उरलेल्यांचं वाचवतोय. दुसऱ्या पेशंटांचं.

ता. ९, शनिवार

इंजिनीअर बाई दोन दिवस गोदामात होत्या. आज आल्या त्या धुळीने माखून, केस पांढरे, डोळे लाल. हाताला ट्रेचा पत्रा लागून कापलेलं. मला वाटलं ओरडतील. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, तिथे दोनशे खोकी उपसली. नाही. इथे पुन्हा एकदा बघू का दोघे मिळून?"

"मी सगळं बघितलंय."

"तुमच्यावर अविश्वास नाही हो. चार डोळे बरे, म्हणून म्हटलं."

अविश्वास नाही म्हणणाराच अविश्वास दाखवतो. आम्ही कपाटं बघितली. सगळी. लॉकरच्या दारावर माझा डगला टांगलेला होता. त्यांनी तो बाजूला केला नाही. का केला नाही? माहीत आहे म्हणून? मला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावायचं आहे?

जाताना म्हणाल्या, "मंगळवारी ऑपरेशन आहे त्यांचं. मला झोप येत नाही काका."

मला वाटलं, नाटक. मग वाटलं, हाताचं रक्त काही नाटकाचं नव्हतं. मग पुन्हा वाटलं, पत्र्याने कुणालाही कापतं.

ता. ११, सोमवार

दोनदा लॉकरपर्यंत गेलो. एकदा किल्लीही लावली.

पण आता काय म्हणून काढू? बुधवारी काढला असता तर 'सापडला' म्हणता आलं असतं. आता पाच दिवस बाईंना धूळ खायला लावून काढला तर पहिला प्रश्न, कुठे होता? एकोणीस वर्षांचं नाव एका दिवसात जाईल. आणि काढून तरी काय, ४१७ त्यात नाहीच. हे मी आज दहा वेळा स्वतःला सांगितलं. दहा वेळा का सांगावं लागलं ते कळत नाही.

हिने विचारलं, "जेवत का नाही?" मी म्हणालो, पित्त.

ता. १२, मंगळवार

ऑपरेशन झालं. अकरा ते दोन. फुप्फुसाचा खालचा भाग काढला असं लिफ्टवाला म्हणाला.

ता. १४, गुरुवार

आज जे झालं ते लिहवत नाही. तरी लिहितो.

सकाळी बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, "काका, एक चांगली बातमी. टेपांची खोली दुसऱ्या मजल्यावर नेतायत. खिडकी आहे, ओल नाही. तुमचं टेबलही तिकडेच. मी महिनाभर मागे लागले होते. तुमचा खोकला, टेपांची बुरशी, सगळं लिहून दिलं होतं."

माझा विश्वास बसला नाही. खोलीच्या हलवाहलवीत कपाटं रिकामी करतील आणि सगळं माझ्या माथी मारतील, हाच पहिला विचार. मग डोक्यात सणक गेली. म्हटलं, आता सोक्षमोक्ष. लॉकर उघडलं, ट्रे काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हा घ्या तुमचा ट्रे! मी वाचवून ठेवला. तुमच्यापासून!"

बाई ट्रेकडे बघत राहिल्या. एकदम खुर्चीत बसल्या.

"आता घाला ४०४," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांसमोर. नाही, मीच घालतो. आतही ४०४ निघते की नाही बघा, आणि मग सांगा ४१७ कुणी बिघडवली ते."

मी घातली. लोखंडी हाताने उचलली. घरघर. मी स्क्रीनला नाक लावून उभा. नाव आलं.

४१७.

"पुन्हा वाचायला लावा," मी म्हणालो. त्यांनी लावलं. ४१७. मग मीच ४०१ घातली, तिच्यात निघाली ४२०. ४०२ मध्ये ४१९. तेव्हा मला टेबल दिसलं. तीन वर्षांपूर्वीचं, वर फडकं अंथरलेलं, वीस डब्या ओळीने. जेवून आलो तेव्हा नवी लेबलं पंख्याने उडत होती. म्हणून मी वारा चुकवायला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो. आणि तिकडून मोजायला लागलो. एक, दोन, तीन.

बाईंनी फोटो काढायला लावला. या वेळी लाल ओळ आली नाही. सात मिनिटं लागली. सातच मिनिटं. त्यांनी वर फोन केला, वरच्यांनी फोटो उघडून जुना-नवा शेजारी ठेवून मापला. बाई ऐकत होत्या, हं, हं, करत. फोन ठेवला.

"डाग तेव्हाही होता," त्या म्हणाल्या. "तेवढाच."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काका, कापायची गरज नव्हती."

मी खाली बसलो. त्यांनी पाणी दिलं. मला वाटलं होतं ओरडतील, त्याच ओरड्याची मी दोन महिने वाट बघत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "मी गोदामात दोन दिवस होते. तेव्हा तुम्ही मला एक फोन करायचा होता." आणि वर निघून गेल्या.

ता. १५, शुक्रवार

बाईंनी अहवाल लिहिला. मला वाचून दाखवला. 'लेबलं उलट क्रमाने लागली होती. ट्रे नेहमीच्या जागी नव्हता. यापुढे नवं लेबल लावल्यावर प्रत्येक टेप आतून वाचून पाहावी.' पेशंटला डॉक्टरांनी खरं काय ते सांगावं, असंही आहे. माझं नाव कुठेच नाही.

रात्री हिला म्हणालो, "नाव का लिहिलं नसेल? पुढे कधी वापरायला ठेवलं असेल हातात."

हिने भाकरी थापता थापता हात थांबवला. "अहो, एका बाईचं फुप्फुस गेलं. तुम्ही अजून दुसरीच्या मनात काय आहे ते शोधताय?"

सबंध संसारात ही माझ्याशी अशी बोलली नव्हती.

ता. १८, सोमवार

वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. शिवणवाल्या बाई पाठीला उशा लावून बसल्या होत्या. नळी होती. श्वास घेताना खांदे उचलत होत्या. मला बघितलं नाही. किंवा बघितलं. मी परत आलो.

ता. २१, गुरुवार

परत गेलो. पलंगावर दुसरंच माणूस. काल घरी सोडलं म्हणे.

ता. २५, सोमवार

ऑफिसात जाऊन सांगितलं. लेबलं मी लावली, ट्रे मी लपवला, खोटं मी बोललो. त्यांनी लिहून घेतलं आणि बाहेर बसायला सांगितलं. काय करायचं ते कळवतील. किल्ल्या मी आधीच इंजिनीअर बाईंच्या टेबलावर ठेवल्या होत्या.

मग बाईंकडे शिवणवाल्या बाईंचा पत्ता मागितला. म्हणाल्या, "पत्ता देता येणार नाही काका, नियम आहे. पण पाकीट द्या, मी वॉर्डातून पाठवते."

आयुष्यात मी उघडं पाकीट कुणाच्या हातात दिलं नाही. आज दिलं. म्हटलं, वाचायचं तर वाचा, काही राहिलं असेल तर सांगा. त्यांनी न वाचता माझ्यासमोर चिकटवलं.

पत्राची नक्कल इथे ठेवतो.

"ताई, तुम्ही मला विचारलं होतं, मिळेल ना, आणि मी मिळेल म्हणालो होतो. तेव्हा तुमचा फोटो माझ्याच लॉकरमध्ये होता. मला ते माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला सात मिनिटं पुरली असती आणि मी सहा दिवस घेतले. तीन वर्षांपूर्वी लेबलं मी उलटी लावली. विचारल्यावर ट्रे मी लपवला, कारण मला वाटलं, शोधणारी बाईच लबाड आहे. त्या तुमच्यासाठी धुळीत हात कापून घेत होत्या. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेल की फोटो उशिरा सापडला. तो उशिरा सापडला नाही. मी दिला नाही.

माफी मागायला मी वॉर्डाच्या दारापर्यंत आलो आणि परत गेलो, पुन्हा आलो तेव्हा तुम्ही घरी गेला होतात. हेही तुम्हाला माहीत असावं. तक्रार करायची असेल तर हे पत्र पुरावा म्हणून द्या. खाली माझी सही आहे आणि ऑफिसात मी हेच सांगितलं आहे.

मला एवढंच कळवा की श्वास कसा आहे. रात्री आडवं झोपता येतं का. जिना चढता का. चांगलं नसेल तर चांगलं आहे असं लिहू नका. शिव्या द्यायच्या असतील तर शिव्या लिहा, मी वाचीन. लिहवत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून दोन ओळी लिहून घ्या. टपाल अकराला येतं. तेव्हा मी रोज हॉस्पिटलच्या फाटकापाशी असतो, कामावर ठेवलं तरी आणि काढलं तरी. ताई, लवकर कळवा."